दक्षिण आफ्रिकेतील तरुण, विषमता आणि नेतृत्व : आकडे आणि बातम्या कशा वाचाव्यात

दक्षिण आफ्रिकेचा अभ्यास करू पाहणारा वाचक बहुधा एकाच प्रश्नापाशी येऊन थांबतो. ज्या देशातील निम्मे लोक सुमारे अठ्ठावीस वर्षांच्या आतले आहेत, त्या देशाचे नेते सत्तरीचे कसे? प्रश्न रास्त आहे, पण त्याच्या उत्तरातून फारसे काही हाती लागत नाही. २०२४ च्या सार्वत्रिक निवडणुकीत सर्वांत मोठी झेप घेणारा नवा पक्ष ब्याऐंशी वर्षांच्या माजी राष्ट्राध्यक्ष जेकब झुमा यांचा होता, तर नव्या पिढीच्या नेतृत्वाची हाक देत उतरलेल्या राइझ म्झान्झी या पक्षाला चारशेपैकी अवघ्या दोन जागा मिळाल्या. म्हणून नेत्यांची वये मोजत बसण्यापेक्षा, तरुणांच्या शिक्षणाचा, रोजगाराचा आणि अनुदानाचा निर्णय कोणाच्या सहीने होतो आणि त्या सहीपर्यंत तरुण कोणत्या वाटेने पोहोचतात, हे शोधावे. पुढील सूचना त्या शोधासाठी आहेत.

तरुण म्हणजे कोण, हे आधी ठरवा

राष्ट्रीय युवा धोरणानुसार १४ ते ३५ वर्षे वयाची व्यक्ती तरुण ठरते. स्टॅटिस्टिक्स साउथ आफ्रिका ही सरकारी सांख्यिकी संस्था बेरोजगारीचे आकडे देताना १५ ते ३४ हा गट धरते आणि त्यातही १५ ते २४ व २५ ते ३४ असे दोन भाग वेगळे दाखवते. तरुणांना कामावर घेणाऱ्या मालकांना जानेवारी २०१४ पासून मिळणारी करसवलत मात्र प्रामुख्याने १८ ते २९ वयोगटासाठी आहे. एकाच लेखात हे तिन्ही गट ‘युवक’ या एका शब्दाखाली सर्रास वावरतात. तेव्हा आकडा टिपताना त्याच्या शेजारी वयोगट लिहिण्याची सवय लावावी. ज्या आकड्याचा वयोगट सापडत नाही, तो सरळ बाजूला ठेवावा.

‘बॉर्न फ्री’ हा शब्दही जपून वापरावा. वर्णभेदाची राजवट संपल्यानंतर, म्हणजे १९९४ नंतर जन्मलेल्यांना तो लावला जातो. त्या पिढीतील अनेकांना तो बोचतो, कारण ज्या वस्तीत आणि ज्या शाळेत त्यांचे बालपण गेले, तिची आखणी त्यांच्या जन्माआधीच झालेली होती.

बेरोजगारीचा आकडा : छेद पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका

सर्वाधिक घोटाळा इथे होतो, म्हणून इथे थोडे रेंगाळणे योग्य ठरेल. २०२४ च्या पहिल्या तिमाहीत देशातील अधिकृत बेरोजगारीचा दर ३२.९ टक्के होता. १५ ते ३४ वयोगटात तो ४५.५ टक्के, तर १५ ते २४ वयोगटात साठ टक्क्यांच्या घरात होता. यावरून ‘शंभरातील साठ कोवळे तरुण बेकार आहेत’ असे वाक्य तयार होते आणि ते चूक असते. हा दर काढताना छेदस्थानी सगळे तरुण नसतात. जे काम करत आहेत किंवा काम शोधत आहेत तेवढेच असतात. शाळा-महाविद्यालयात शिकणारी आणि काम न शोधणारी मुले त्या हिशेबाच्या बाहेर राहतात.

खरे चित्र हवे असेल तर त्याच सर्वेक्षणातील दुसरा आकडा शोधावा. शिक्षणात नाहीत, रोजगारात नाहीत आणि प्रशिक्षणातही नाहीत असे तरुण किती, हे तो सांगतो. त्याच तिमाहीत १५ ते २४ वयोगटातील सुमारे १ कोटी ३ लाख तरुणांपैकी जवळपास ३६ लाख या अवस्थेत होते. साठऐवजी पस्तीस टक्के वाचून काहींना हायसे वाटेल, परंतु राजकारण समजून घेण्यासाठी हा आकडा पहिल्यापेक्षा अधिक गंभीर आहे. या छत्तीस लाखांचा ना शिक्षकांशी संबंध उरलेला असतो, ना कामगार संघटनेशी, ना कोणत्या मालकाशी. त्यांना एकत्र आणू शकेल अशी संस्थाच त्यांच्या आयुष्यात नसते.

बेरोजगारीच्या दोन व्याख्याही ध्यानात ठेवाव्यात. अधिकृत व्याख्येत सक्रियपणे काम शोधणाराच बेरोजगार ठरतो; विस्तारित व्याख्येत शोधून थकलेले, आशा सोडलेले लोकही धरले जातात. वरच्याच तिमाहीत विस्तारित दर ४१.९ टक्के होता. मंत्र्यांच्या भाषणात बहुधा पहिला आकडा येतो आणि विरोधकांच्या भाषणात दुसरा. दोघेही खोटे बोलत नसतात. त्यानंतर वांशिक गटांचा रकाना उघडावा. कृष्णवर्णीय आफ्रिकी, कलर्ड, भारतीय वा आशियाई आणि श्वेत या चार गटांत आजही सरकारी आकडेवारी मांडली जाते. कृष्णवर्णीयांमधील दर पस्तीस टक्क्यांच्या वर आणि श्वेतवर्णीयांमधील दर त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाइतका, असे अंतर तिथे दिसते. ‘कलर्ड’ हा शब्द इतरत्र अपमानास्पद मानला जातो. दक्षिण आफ्रिकेत मात्र ते एका समाजगटाचे प्रचलित नाव आहे, त्यामुळे भाषांतर न करता तो तसाच ठेवावा.

विषमता नकाशावर पाहा

विषमतेसाठी सर्वत्र उद्धृत होणारा जिनी निर्देशांक (शून्य म्हणजे पूर्ण समानता, एक म्हणजे पूर्ण विषमता) ०.६३ हा आहे आणि त्याच्या आधारे जागतिक बँकेने दक्षिण आफ्रिकेला जगातील सर्वांत विषम देश म्हटले आहे. मात्र तो २०१४-१५ च्या पाहणीतील खर्चाच्या आकडेवारीवर आधारलेला आहे, म्हणून तो ‘या वर्षीचा’ म्हणून छापू नये. शिवाय खर्चातील विषमता आणि संपत्तीतील विषमता या निराळ्या गोष्टी आहेत. वरच्या दहा टक्के लोकांकडे देशातील ऐंशी टक्क्यांहून अधिक संपत्ती आहे आणि तरुणाच्या वाटचालीत हा दुसरा आकडा जास्त आडवा येतो, कारण घर, जमीन, तारण आणि धंद्यासाठीचे भांडवल यांचा उगम तिथे असतो.

या आकड्यांना जमिनीवर उतरवण्यासाठी जोहान्सबर्गचा नकाशा उघडावा आणि सँडटन व अलेक्झांड्रा ही दोन नावे शोधावीत. सँडटनमध्ये देशाचा शेअर बाजार आहे. महामार्ग ओलांडला की पलीकडे अलेक्झांड्रा ही १९१२ पासूनची दाटीवाटीची टाउनशिप लागते. इथे मराठी वाचकाने एक काळजी घ्यावी. ‘टाउनशिप’ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे फाटक, बगीचा आणि उंच इमारती असलेली नवी वसाहत उभी राहते. दक्षिण आफ्रिकेत टाउनशिप म्हणजे कृष्णवर्णीयांना शहराच्या कडेला ठेवण्यासाठी वसवलेली वस्ती. तसेच तिथली ‘टॅक्सी’ म्हणजे ठरलेल्या मार्गावर माणसे भरून धावणारी मिनीबस. टाउनशिपमधील तरुणाला कामावर जाण्यासाठी, आणि त्याआधी काम शोधण्यासाठीसुद्धा, तिचे भाडे मोजावे लागते.

या नकाशामागचे कायदे नावानिशी माहीत असावेत. १९१३ च्या भूमी कायद्याने बहुसंख्य कृष्णवर्णीयांसाठी देशातील सुमारे सात टक्के जमीन राखली आणि १९३६ मध्ये ती मर्यादा सुमारे तेरा टक्क्यांवर नेली गेली. १९५० च्या ग्रुप एरियाज कायद्याने शहरांतील वस्त्या वंशानुसार वेगळ्या केल्या, तर १९५३ च्या बंटू शिक्षण कायद्याने कृष्णवर्णीय मुलांसाठी हलक्या दर्जाचे वेगळे शिक्षण आखून दिले. हे कायदे रद्द होऊन तीन दशके उलटली तरी घरे, शाळा आणि रस्ते आहेत तिथेच आहेत. त्याच वेळी १९९४ नंतर कृष्णवर्णीय समाजाच्या आतील विषमताही वाढली आहे, ही बाब सुटू देऊ नये. वंश एक असूनही नेता आणि त्याचा तरुण मतदार यांच्या राहणीमानात एवढे अंतर का, याचा खुलासा तिच्याशिवाय होत नाही.

शाळेचे निकाल

शालान्त परीक्षेला तिथे मॅट्रिक म्हणतात. तिचा निकाल जानेवारीत लागतो आणि २०२४ च्या परीक्षेत ८७.३ टक्के विद्यार्थी उत्तीर्ण झाले. हा हिशेब परीक्षेला बसलेल्यांचा आहे. त्याच तुकडीत दोन वर्षांपूर्वी दहावीत किती मुले होती हे पाहून तुलना केली की गळती दिसू लागते. दुसऱ्या टोकाला, २०२१ च्या आंतरराष्ट्रीय वाचन चाचणीत चौथीतील ८१ टक्के मुलांना वाचलेल्या मजकुराचा अर्थ लावता आला नाही. हे दोन्ही आकडे शेजारी ठेवल्याखेरीज निकालाच्या दिवशीच्या जल्लोषाविषयी मत बनवू नये.

निवडणुकीचे निकाल पुन्हा एकदा भागून पाहा

२९ मे २०२४ च्या निवडणुकीत आफ्रिकन नॅशनल काँग्रेसला ४०.१८ टक्के मते आणि १५९ जागा मिळाल्या. १९९४ नंतर प्रथमच तिचे बहुमत गेले. डेमोक्रॅटिक अलायन्सला ८७, झुमा यांच्या एमके पक्षाला ५८ आणि ज्युलियस मालेमा यांच्या इकॉनॉमिक फ्रीडम फायटर्स या पक्षाला ३९ जागा मिळाल्या. बहुतेक लेख इथेच संपतात. अभ्यासकाने कागद घेऊन आणखी दोन भागाकार करावेत.

नोंदणीकृत मतदार सुमारे २ कोटी ७८ लाख होते आणि त्यांपैकी ५८.६ टक्क्यांनी मतदान केले. मतदानास पात्र वयाचे लोक मात्र सुमारे ४ कोटी २० लाख होते. म्हणजे प्रौढांपैकी चाळीस टक्क्यांहूनही कमी लोक मतपेटीपर्यंत पोहोचले. सर्वांत मोठ्या पक्षाला मिळालेली सुमारे ६५ लाख मते या प्रौढ लोकसंख्येने भागली, तर उत्तर पंधरा टक्क्यांच्या आसपास येते. नोंदणीचे प्रमाण सर्वांत कमी १८-१९ वर्षांच्या गटात असते. त्यामुळे ‘तरुणांनी अमुक पक्षाला कौल दिला’ असे विधान वाचताच, ते मतदान केलेल्या तरुणांविषयी आहे की सगळ्या तरुणांविषयी, हे विचारावे. तरुणांपैकी मोठ्या वर्गाने कोणालाच कौल दिलेला नसतो.

याला उदासीनता म्हणून मोकळे होण्याचा मोह टाळावा. घरी बसलेला मतदार विचार करत नाही असे मानायला कोणताही आधार नाही. मतपत्रिकेने आपला प्रश्न सुटत नाही, हा निष्कर्ष त्याने अनुभवावरून काढलेला असू शकतो. २०१८ ते २०२१ या काळात न्यायमूर्ती झोंडो यांच्या चौकशी आयोगापुढे जी साक्ष झाली, तिने सरकारी कंपन्यांची लूट ‘स्टेट कॅप्चर’ या नावाने घराघरांत पोहोचवली आणि हे सारे ज्या वर्षांत तरुणांच्या कानावर पडत होते, त्याच वर्षांत ते मतदार होत होते.

नेता कुठून येतो

निवडणूक पद्धत समजली की वयाचे कोडे बरेचसे सुटते. राष्ट्रीय सभेच्या, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहाच्या, ४०० जागा मतांच्या प्रमाणात वाटल्या जातात. मतदार पक्षाला मत देतो आणि पक्षाने आधीच क्रम लावून दिलेल्या यादीतून सदस्य निवडले जातात. राष्ट्राध्यक्षही जनतेच्या थेट मताने ठरत नाही. त्याला राष्ट्रीय सभा निवडते. म्हणजे तरुण कार्यकर्त्याच्या दृष्टीने महत्त्वाची सही यादी तयार करणाऱ्यांची असते. मतदारांमध्ये लोकप्रिय होऊनही यादीत दोनशेवा क्रमांक मिळाला तर ती लोकप्रियता कुठेच नोंदली जात नाही. कोणत्याही पक्षाच्या तरुणांविषयीच्या घोषणा ऐकण्याआधी त्याची यादी उघडून पहिल्या पन्नास नावांची वये पाहावीत.

संवैधानिक न्यायालयाने जून २०२० मध्ये दिलेल्या निकालामुळे राष्ट्रीय व प्रांतिक निवडणुकीची दारे अपक्षांना खुली झाली. २०२४ मध्ये त्यासाठी एक हजार सह्यांची अट होती. एकही अपक्ष राष्ट्रीय सभेत निवडून आला नाही. अपक्ष तरुणाला खरी संधी वॉर्डात आहे, कारण नगरपालिकांमध्ये निम्म्या जागा वॉर्डातून थेट निवडल्या जातात आणि उमेदवारीसाठी त्या वॉर्डातील पन्नास मतदारांच्या सह्या व अनामत रक्कम पुरते.

पक्षाच्या आतून वर जाण्याचा जुना मार्ग युवा शाखेचा आहे. आफ्रिकन नॅशनल काँग्रेसची युथ लीग १९४४ मध्ये स्थापन झाली. अँटन लेम्बेडे तिचे पहिले अध्यक्ष होते आणि मंडेला, टांबो, सिसुलू हे तिच्या घडणीत होते. या तरुणांनी १९४९ मध्ये वडीलधाऱ्यांच्या अर्ज-विनंत्यांच्या राजकारणाला बाजूला सारून बहिष्कार व असहकाराचा कार्यक्रम पक्षाला स्वीकारायला लावला. मालेमांचा प्रवास याच शाखेतून झाला. २००८ मध्ये ते तिचे अध्यक्ष झाले, २०१२ मध्ये पक्षातून काढले गेले आणि २०१३ मध्ये त्यांनी स्वतःचा पक्ष काढला. लाल डगले आणि कामगारांचे हेल्मेट घालून संसदेत बसणाऱ्या त्या पक्षाने २०१४ मध्ये २५, २०१९ मध्ये ४४ आणि २०२४ मध्ये ३९ जागा मिळवल्या. भूमी आणि खाणींच्या राष्ट्रीयीकरणाची भाषा, तरुण चेहरा आणि प्रचंड बेरोजगारी हे सगळे एकत्र असूनही त्याची चढण दहा टक्क्यांपाशी का थांबली, हा ‘तरुण नेता का नाही’ यापेक्षा कितीतरी फलदायी प्रश्न आहे. माझ्या मते त्याचे अर्धे उत्तर वर आलेल्या छत्तीस लाखांत आहे : घोषणेला टाळी मिळते, पण नोंदणी केंद्रापर्यंत नेणारी संघटना त्यांच्यात बांधली गेलेली नाही.

रस्त्यावरचे राजकारण वाचताना

१६ जून १९७६ रोजी जोहान्सबर्गच्या सोवेटो या टाउनशिपमधील शाळकरी मुले अफ्रिकान्स भाषेच्या माध्यमाच्या सक्तीविरुद्ध रस्त्यावर उतरली आणि पोलिसांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. तो दिवस आता युवा दिन म्हणून पाळला जातो. त्यामुळे प्रत्येक नव्या आंदोलनाला ‘दुसरे सोवेटो’ म्हणण्याची प्रथा पडली आहे. ती सोडून द्यावी आणि तीन गोष्टी लिहून काढाव्यात : मागणी काय होती, ती मान्य करण्याचा अधिकार कोणाचा होता, आणि मान्य झाल्यावर पैसा कुठून आला.

ऑक्टोबर २०१५ चे ‘फीज मस्ट फॉल’ आंदोलन या कसोटीवर चांगले उतरते. त्याची सुरुवात जोहान्सबर्गच्या विट्स विद्यापीठात झाली. तिथे पुढील वर्षासाठी १०.५ टक्के शुल्कवाढ जाहीर झाली होती. मागणी मोजता येण्याजोगी होती आणि सही करणारा माणूस ठाऊक होता. २३ ऑक्टोबरला विद्यार्थी प्रिटोरियातील युनियन बिल्डिंग्ज या सरकारी मुख्यालयासमोर जमले आणि त्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष झुमा यांनी २०१६ साठी शून्य वाढ जाहीर केली. डिसेंबर २०१७ मध्ये वार्षिक ३,५०,००० रँडपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील विद्यार्थ्यांना अनुदानित उच्च शिक्षणाची घोषणा झाली. तिची अंमलबजावणी राष्ट्रीय विद्यार्थी साहाय्य योजनेकडे आहे. या मर्यादेच्या जरा वर असलेल्यांना ‘मिसिंग मिडल’ म्हणतात. श्रीमंत नाहीत आणि अनुदानासही पात्र नाहीत, अशी ही कुटुंबे आहेत. विद्यापीठाच्या दारापर्यंतच न पोहोचलेल्या तरुणांना मात्र या विजयातून काही मिळाले नाही.

जुलै २०२१ मधील हिंसाचाराला हेच माप लावून पाहावे. न्यायालयाच्या अवमानाबद्दल झुमा यांना तुरुंगात पाठवल्यानंतर क्वाझुलू-नाताल आणि गाउतेंग या प्रांतांत जाळपोळ व लुटालूट उसळली आणि साडेतीनशेहून अधिक लोक मारले गेले. तिथे भूक होती, टाळेबंदीने गेलेली कामे होती आणि कोणीतरी पेटवलेली काडीही होती. मागणी मात्र एक नव्हती. त्याला युवकांचा उठाव म्हणणे आणि निव्वळ गुन्हेगारी म्हणणे, या दोन्ही मांडण्या वस्तुस्थितीच्या मोठ्या भागावर पांघरूण घालतात.

पैशाची सही

मे २०२० मध्ये कोविडच्या काळात १८ ते ५९ वयाच्या बेरोजगारांसाठी दरमहा ३५० रँडचे मदत अनुदान सुरू झाले आणि एप्रिल २०२४ पासून ते ३७० रँड झाले. २०२४ ची अन्नाची दारिद्र्यरेषा दरमहा माणशी ७९६ रँड होती. म्हणजे पोट भरण्याच्या किमान खर्चाचा निम्मा भागही त्यातून निघत नाही. ते वाढवायचे की नाही हे अर्थखाते ठरवते, म्हणून फेब्रुवारीत मांडला जाणारा अर्थसंकल्प आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमधील मध्यावधी धोरण ही दोन कागदपत्रे तरुणांविषयीच्या कोणत्याही भाषणापेक्षा अधिक बारकाईने वाचावीत. रोजगार योजनांच्या ‘संधी’ मोजताना त्या कायम नोकऱ्या आहेत की शाळेतील साहाय्यकासारखी काही महिन्यांची कामे आहेत, हेही तपासावे.

वॉर्डापासून सुरुवात

एवढे सगळे एकाच वेळी हाताळणे जड वाटत असेल तर एक वॉर्ड निवडावा. अलेक्झांड्रातलाच निवडला तरी चालेल. त्याचा नगरसेवक कोण, त्याचा पक्ष कोणता आणि मागील निवडणुकीत तिथे किती टक्के मतदान झाले, हे निवडणूक आयोगाच्या निकालांत सापडते. नगरपालिकेचे आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होते आणि अर्थसंकल्पाचा मसुदा मार्चअखेर लोकांपुढे येतो. त्या वॉर्डासाठी मसुद्यात काय आहे आणि मंजूर झालेल्या अंतिम कागदात त्यातले काय उरले, याची तुलना करावी. एप्रिल २०१९ मध्ये, सार्वत्रिक निवडणुकीच्या तोंडावर, अलेक्झांड्रातील रहिवाशांनी बेकायदा बांधकामे आणि कोलमडलेल्या नागरी सेवा यांविरुद्ध वस्ती बंद ठेवली होती. तेव्हाच्या तक्रारींची यादी घेऊन आजचा अर्थसंकल्प वाचल्यास पुष्कळ गोष्टी स्पष्ट होतात.

१ नोव्हेंबर २०२१ नंतरची पुढील स्थानिक निवडणूक नोव्हेंबर २०२६ ते जानेवारी २०२७ या मुदतीत होणे अपेक्षित आहे. तिचा मागोवा घेताना मतदानाच्या तारखेआधी दुसरी एक तारीख वहीत लिहून ठेवावी. निवडणुकीची अधिकृत घोषणा राजपत्रात प्रसिद्ध होते, त्या दिवशी मतदारयादी बंद होते. २०२४ मध्ये मतदान २९ मे रोजी होते, पण यादी २३ फेब्रुवारीलाच बंद झाली होती. सोळाव्या वर्षी नाव नोंदवता येते आणि अठराव्या वर्षी मत देता येते. त्यामुळे यादी बंद होण्याच्या दिवशी १८-१९ वर्षांच्या गटातील किती नावे तिच्यात आहेत, हा आकडा आयोगाकडून मिळवून ठेवावा आणि निकालाच्या रात्रीची चर्चा त्याच्या आधारे ऐकावी.